अर्धा किलो भोकं

१२ जानेवारी

ती. आत्यास,
कुसळचा सा. न. वि. वि.

सा. म्हणजे साष्टांग, पण मांडीवर मिरी झोपली आहे, त्यामुळे आठही अंगं टेकवता येत नाहीत. सहा टेकली असं धर, उरलेली दोन घरी आल्यावर देईन.

उशिराबद्दल रागावू नकोस. इथे मला बसायला मिळतं तेव्हा कुणीतरी माझ्यावर बसलेलं असतं. ताईकडे येऊन महिना झाला. तिचा भुंगा पाच वर्षांचा आहे आणि एका जागी टेकत नाही. मिरी तीन वर्षांची आहे आणि एकदा टेकली की उठत नाही. ताई सकाळी दवाखान्यात लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी घरी येऊन माझं पिते. भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांचा मूड कधी वर असतो कधी खाली, आणि मधेच अडकला तर कुणाला काढता येत नाही. बाकी सगळे मजेत.

शनिवारी ताईने मला दोन्ही मुलांना घेऊन वाणसामान आणायला पाठवलं. यादीत सात जिनसा होत्या. मिरीला ढकलगाडीत बसवलं तर तिने टोमॅटो तपासायला घेतले. प्रत्येकाला एक चावा, मग तोंड वाकडं, मग परत ढिगात. नऊच्या नऊ नापास. माझ्या शाळेतसुद्धा इतका कडक निकाल लागत नसे. तोवर भुंगा दुसऱ्यांच्या गाड्यांमध्ये वस्तू टाकत फिरत होता. एका आजोबांनी घरी जाऊन बायकोला मांजराचं खाणं का आणलं ते कसं समजावलं असेल कोण जाणे. (ती युक्ती माझी होती. ताईला कळू देऊ नकोस.) घरी पोचलो तेव्हा यादीतलं फक्त मीठ आलं होतं. यादीबाहेरचे दोन झाडू होते, एक फुगा होता, आणि मिरीच्या मुठीत कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण.

मला वाटलं ताई आता सोलून काढणार. पण ती ओरडली नाही, तिने दोन्ही झाडू उचलून कोपऱ्यात ठेवले. मग म्हणाली की यापुढे मुलांना न्यायचं नाही. दर बुधवारी चार वाजता मी एकटीने जायचं, तिची अर्धी रजा असते, मुलांना ती बघेल. आणि तेही कोपऱ्यावरच्या दुकानात नाही, बसने दोन थांबे पुढे एक नवीन दुकान झालंय तिथे, भाजी ताजी असते म्हणे. केस नीट बांधून जा असंही म्हणाली. बटाटे आणायला केस कशाला बांधायचे ते मला कळलं नाही, पण मुलांशिवाय घराबाहेर पडायला मिळतंय म्हटल्यावर मी टक्कलसुद्धा केलं असतं.

आत्या, एक सांगू? आपल्या घरात माझ्याबद्दल काहीही ठरतं तेव्हा मी खोलीबाहेर असते. शाळा बदलली तेव्हा मला अंगणात पिटाळलं होतं. आई गेली तेव्हा बागेत खेळायला. मला इकडे धाडायचं ठरलं तेव्हा मी दूध आणायला गेले होते, परत येते तर माझी बॅग भरलेली. म्हणून माझं जे काही असतं ते मी फक्त तुला लिहिते. तुला लिहिताना मी खोलीत असल्यासारखं वाटतं. ही पत्रं बाबांना दाखवू नकोस. कुणालाच दाखवू नकोस. आणि वेलांट्यांवर हसू नकोस. पहिली की दुसरी ते मला अजून कळत नाही, म्हणून मी मधोमध देते.

असलेला सगळा लोभ गणवेश शिवून घेणाऱ्या पोरांवर उधळू नकोस, थोडा माझ्यासाठी राखून ठेव.

तुझी,
कुसळ


२१ जानेवारी

चि. कुसळ हिला आत्याचे अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक मिरीच्या दातांना.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की मशीनखाली एक बाही उलटी शिवली गेली. समोर काजवाली बसली होती, तिचं काज करायचं राहिलं आणि ती विचारत बसली की झालं काय. मी म्हटलं, आमच्या घरातलं आहे. ती बिचारी दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत होती.

तुझ्या बाबांनी थोरलीला मुसळ आणि धाकटीला कुसळ म्हणायला सुरुवात केली तेव्हा मी भांडले होते. आता वाटतं, माणसाने पोरींना ओळखलं होतं. मुसळ एकदा आदळलं की आवाज होतो आणि संपतं. कुसळ दिसत नाही, पण दिवसभर टोचत राहतं.

ताईचं म्हणणं ऐक. बुधवारी एकटीने जा, जरा मोकळी हवा लागेल. फक्त तिथे खोड्या नकोत. गेल्या वर्षी बाबांनी तुझ्यासाठी म्हणून त्या विमावाल्या मुलाला जेवायला बोलावलं आणि तू त्याच्या बुटांत भिजवलेली कणीक भरलीस. तो जिना उतरताना प्रत्येक पायरीला चिकटत गेला. लग्नाला तर नाही म्हणालाच, पण बाबांचा विमा काढायलाही नाही म्हणाला.

ताईने तुझं रक्त तपासलं ते कमी निघालं असं कळलं. पालेभाजी खातेस का? खरं सांग. आणि त्या नवीन दुकानात माणसं कशी आहेत, बोलायला बरी आहेत का, तेही लिही. तुझी पत्रं मी बटणांच्या डब्यात ठेवते. डब्याला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात.

आठ दिवसांत पत्र आलं नाही तर मीच येऊन तुझा कान पिरगाळीन, एवढा लोभ तर नक्कीच आहे.

तुझी,
आत्या


५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
कुसळचा सा. न. वि. वि. (आज सात अंगं. डाव्या गुडघ्यावर भुंगा उभा आहे.)

मुलांशिवाय दुकानात जाणं काय असतं ते तुला सांगितलंच पाहिजे. पहिल्या बुधवारी मी दारातच अडखळले. हात मोकळे. कुणी पदर ओढत नाही, कुणी शी आली म्हणत नाही. यादी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचता आली. तूप कुठे, डाळ कुठे, सगळं जागच्या जागी. दहा मिनिटांत सामान झालं आणि मग मला इतकं चुकल्यासारखं झालं की मी रिकामी ढकलगाडीच पुढेमागे झुलवत उभी राहिले. एका बाईने वाकून आत बघितलं, बाळ झोपलंय का म्हणून. आत कोबी होता. मी तिला ओठांवर बोट ठेवून दाखवलं, आत्ताच डोळा लागलाय म्हटलं. ती चवड्यांवर चालत गेली.

आता माणसांचं विचारलंस म्हणून. सुटी भाजी आणि धान्य तोलायला तिथे एक जण बसतो. उंच, कान जरा बाहेर, हाताला कोथिंबिरीचा वास. मी त्याला गंभीर तोंडाने सांगितलं की अर्धा किलो भोकं द्या, आमच्या गाळणीची संपली आहेत. असं म्हटल्यावर लोक दोन गोष्टी करतात. एक तर चिडतात, नाहीतर बिचारीला कमी दिसतंय असं बघतात. हा माणूस काट्याकडे वळला, पिशवी उघडली आणि विचारलं की बारीक हवीत का जाड. वर म्हणाला की जाड घ्याल तर वजनात कमी भरतात.

आत्या, मला उत्तर सुचलं नाही. मला. तू लिहून ठेव तारीख.

मी त्याचं नाव काटा ठेवलंय. तो काट्यावर बसतो म्हणून, आणि कुसळाच्या जातीतलाच आहे म्हणून. तीन बुधवार झाले. काल त्याने सांगितलं की मागच्या आठवड्याची भोकं परत आणलीत तर पिशवी तेवढी धुऊन आणा. मला तो आवडतो असं मी म्हणत नाही. पण मंगळवारी मला झोप कमी लागते, एवढं खरं.

अजून एक, आणि हे तर कुणालाच कळता कामा नये. मला कुलपं दुरुस्त करायला शिकायचंय. दोनदा नापास झालेल्या मुलीने असलं म्हणू नये, पण बंद कुलूप हातात आलं की माझ्या डोक्यातला सगळा गोंगाट थांबतो. इथे बसथांब्याजवळ एक म्हातारे कुलूपवाले बसतात. मी रोज तिथून जाताना मुद्दाम चप्पल नीट करते आणि बघते. अजून विचारलं नाही. हसतील.

पालेभाजीचं म्हणशील तर खाते हो. शेपू तर मला हल्ली इतका आवडतो की ताटात दुसरं काही नको वाटतं. झालं समाधान?

माझ्यावरचा लोभ धुऊन, वाळवून, घडी घालून ठेव.

तुझी,
कुसळ


१३ फेब्रुवारी

चि. कुसळ हिला आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. कोबीवर मी इतकी हसले की सुई बोटात गेली.

कुलपांचं वाचून मात्र मशीन थांबवलं. तू लहान असताना माझ्या शिवणाच्या डब्याचं कुलूप कात्रीने उघडून बसायचीस आणि मी पाठीत धपाटा घालायची, ते आठवलं. मी हसत नाही. पण जरा थांब, एकदम कुठे जाऊन विचारू नकोस. सगळं आपल्या वेळेला होतं.

त्या काट्याबद्दल अजून लिही. बोलतो कसा, रागावतो का, तुला त्याचं काय पटतं आणि काय नाही, सगळं लिही. काही गाळू नकोस. आपलं माणूस मनातलं मोकळेपणाने सांगतं तेव्हाच मोठ्यांना काही करता येतं. आणि मी तुला मोतिया रंगाचा कुडता पाठवते आहे. गळ्याला पट्टी वेगळी लावली आहे. बुधवारी घाल. शनिवारी मुलांबरोबर घालू नकोस, मिरी त्यावर टोमॅटोची परीक्षा घेईल.

शेपू आवडायला लागला हे ऐकून फार बरं वाटलं.

मनात राग असला तरी चालेल, पण लोभात खंड पाडू नकोस.

तुझी,
आत्या


२६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
आज आठही अंगं टेकवून, कपाळ जमिनीला लावून, कुसळचा सा. न. वि. वि.

कुडता मिळाला. घातला. काट्याने पट्टीकडे बघितलं आणि वांग्यांच्या जागी मला मुळे तोलून दिले, यावरून काय ते समज.

कालचं सांगते. मी पिशवी पुढे केली तर त्याने काट्यावर भाजीऐवजी एक कुलूप ठेवलं. जुनं, पितळी, मुठीएवढं. म्हणाला की दुकानाच्या मागच्या गोदामाचं आहे, किल्ली हरवली, फोडायचं जिवावर येतं, कुणी उघडणारं माहीत आहे का. मी केसातला आकडा काढला. ताईने केस बांधायला लावले त्याचा हा एकच उपयोग. मागे रांगेत चार माणसं, एकाच्या हातात दुधी, आणि मी काट्याला टेकून कुलपाला कान लावून उभी. त्याने कुणाला घाई करू दिली नाही. पाच मिनिटं लागली असतील. मग आतून टक आवाज आला आणि ते उघडलं. दुधीवाल्याने दुधी काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

काटा म्हणाला की हे हात बटाटे निवडायचे नाहीत. आत्या, मला इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. मला लोक म्हणतात की हे हात बांधून ठेवा.

मी बसमध्ये बसून विचार करत होते. त्याला कसं सुचलं? जगात इतक्या वस्तू आहेत, त्याने कुलूपच का पुढे केलं? मग वाटलं की काही गोष्टी अशाच जुळतात, त्यात कुणाचा हात नसतो. बाबांनी ठरवलं नाही, ताईने ठरवलं नाही, मी दूध आणायला गेले असताना कुणी बॅग भरली नाही. हे माझं मी शोधलं. माझ्या आयुष्यातली ही पहिली गोष्ट आहे जी ठरताना मी खोलीत होते.

मुलांना तो दाखवावा म्हणून मी ताईला म्हटलं की या बुधवारी भुंग्याला नेते. ती एकदम खेकसली की अजिबात नाही, मुलांचं तिथे काय काम. नंतर मवाळ होऊन म्हणाली की बसमध्ये गर्दी असते. चार वाजता बसमध्ये मी आणि ड्रायव्हर असतो.

माझी बडबड गोड मानून घे आणि लोभाचं झाकण उघडं ठेव.

तुझी,
कुसळ


१२ मार्च

आत्या,

आज नमस्कार नाही. अंगं सगळी मोकळी आहेत, तरी नाही.

काल मी गेले तर काट्याने टेबलाखालून एक जुडी काढली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, देठ कापलेले, माझ्यासाठी म्हणून सकाळपासून बाजूला ठेवलेली. म्हणाला की शेपू आहे, तुम्हाला फार आवडतो ना.

मला शेपू आवडत नाही. वाससुद्धा सहन होत नाही. ताई वाढते तो मी रुमालात घालून खालच्या मजल्यावरच्या सशाला देते, आणि आता तो ससाही मला बघून लपतो. शेपू आवडतो असं मी जन्मात एकदाच म्हटलं आहे. तोंडाने म्हटलेलं नाही, लिहिलं आहे. पाच फेब्रुवारीच्या पत्रात, तुला, कारण तू पालेभाजीसाठी मागे लागली होतीस. ती थाप होती. त्या पत्रातलं बाकी सगळं खरं होतं.

मी जुडी हातात घेऊन उभी राहिले आणि एकेक गोष्ट उलगडत गेली. मोठा भोपळा कापावा तशी नाही, कांदा सोलावा तशी. शेपू, मग कुलूप, मग कुडता, मग बुधवार, मग केस. मी त्याला शांतपणे विचारलं की हे तुम्हाला कुणी सांगितलं. त्याचे कान लाल झाले. लपवायला त्याला येत नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणावं लागेल. त्याने खणातून कागद काढून माझ्यापुढे ठेवले. तो तुझ्या काजवालीचा भाचा आहे. माझं पत्र आलं की आठ दिवसांत त्याच्याकडे पोचत होतं. त्याला सांगितलं होतं की मुलीला सगळं माहीत आहे, तिच्याच मनाने चाललंय, पण ती लाजते, तेव्हा पत्रांचा विषय काढायचा नाही. मी लाजते. हे वाचून बाबासुद्धा हसतील.

कुलपं मला येतात हे त्याला वाचून कळलं होतं. कुलूप त्याने जुन्या बाजारातून आणलं होतं. किल्ली त्याच्या खिशात होती.

आता सगळ्यात वाईट ते. ते कागद माझे नव्हते. अक्षर तुझं होतं. तू माझी पत्रं बसून उतरवून काढलीस. प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. मी दोनदा नापास झाले ते गाळलंस. ताई माझं रक्त पिते ते गाळलंस. आजोबांच्या गाडीतल्या मांजराच्या खाण्याचा पत्ता नाही. आणि जिथे मी अर्धा किलो भोकं म्हटलं होतं, तिथे तू अर्धा किलो छिद्रे लिहिलंस.

छिद्रे, आत्या. आयुष्यात मी छिद्रे म्हटलेलं नाही.

बाबांनी पत्र उघडलं असतं तर मी समजले असते. ताईने उघडलं असतं तर मी तिच्या उशीत शेपू भरला असता आणि फिटंफाट झाली असती. तू उघडलं नाहीस, तुला तर मीच दिलं होतं. बटणांच्या डब्याला कुलूप आहे म्हणालीस, आणि किल्ली गळ्यात. कुलूप फोडणारा चोर असतो. किल्ली असलेल्याला काय म्हणायचं ते मला येत नाही, तू सुधारून लिही.

ताईला विचारलं तर तिने कबूल केलं. मुलं कडेवर असली की मुलगी थोराड दिसते, म्हणून बुधवार. तिची अर्धी रजा वगैरे काही नसते, ती दर बुधवारी खास रजा काढत होती. तुम्ही सगळ्यांनी एवढी मेहनत घेतली. फक्त मला सांगायचं राहिलं.

काटा म्हणाला की त्याला पत्रं फार आवडली. मी विचारलं, कुणाची? त्याला प्रश्नच कळला नाही.

कुसळ


१७ मार्च

चि. कुसळ,

आशीर्वाद देते, घे किंवा टाक.

तुझं पत्र मशीनवर बसून वाचलं आणि मग दुकान बंद केलं. काजवालीला घरी पाठवलं. तिच्याशीही बोलले नाही, पण तिचा दोष नाही, दोष माझा आहे.

आधी माझी बाजू सांगते. तुला समोरून सांगितलं असतं की एक मुलगा आहे, चांगला आहे, तर तू त्याच्या काट्याखाली चुंबक लावला असतास. नाही म्हणू नकोस. तुझ्यापुढे कुठलीही गोष्ट सरळ ठेवली की तू तिची शेपटी ओढतेस. म्हणून मी आणि ताईने ठरवलं की तुलाच सापडू द्यावं. तुझीच खोडी तुझ्यावर करत होतो असं मला वाटलं. तुला कळेल तेव्हा तू हसशील असंही वाटलं होतं.

पण खरं कारण एवढंच नाही. तू ताईकडे पोचल्या पोचल्या डिसेंबरात पाठवलेलं पहिलं पत्र मी काजवालीला वाचून दाखवलं तेव्हा कुठलाच बेत नव्हता. जानेवारीतल्या पत्राबद्दलही मी तुला लिहिलं की तिला सांगितलं नाही. सांगितलं होतं. तू इतकं छान लिहितेस की ते एकटीने वाचून पोट भरत नाही. ती हसली आणि मला वाटलं, बघा माझी पोर. तिथून सुरू झालं. मग तिला भाचा आठवला.

शुद्धलेखन सुधारलं कारण मला भीती वाटली. मी सातवीपर्यंत शिकले. माझ्या एका चिठ्ठीवर एकदा चार माणसांत लोक हसले होते, ते अजून कानात आहे. तुला कुणी हसू नये म्हणून रात्रंदिवस मी कागदावर वाकून बसले. भोकं हा शब्द बरा दिसत नाही असं वाटलं. आता तो माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मुलगा वाईट नाही. त्याला आमच्या पापात धरू नकोस. आणि मला हवं ते बोल. चार पानं शिव्या लिही, वेलांट्या मधोमध दे, पण लिही. तुझं पत्र आलं नाही तर या घरात मशीनशिवाय कशाचा आवाज होत नाही.

मागायचा हक्क उरला नाही, तरी लोभ मागते.

आत्या


२२ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

ताई लिहिते आहे. पाठोपाठ आलेल्या तुझ्या दुसऱ्या पत्रालाही तिने हात लावलेला नाही, ते फ्रिजवर तसंच पडलंय. म्हणून तुला इकडचं कळवते.

ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण भुंग्यामार्फत. आम्ही समोरासमोर बसलेल्या असतो आणि ती त्याला म्हणते की तुझ्या आईला सांग साबण संपलाय. तोही शहाणा निरोप देताना आपल्या पदरचं एक चॉकलेट त्यात घालतो. कामात कसूर नाही. मुलांचं सगळं वेळेवर करते. खोड्या मात्र बंद आहेत. माझ्या चपलेत दहा दिवस काही निघालं नाही आणि मला चप्पल घालताना रडू येतं.

काल शनिवारी ती दोन्ही मुलांना घेऊन बसने त्या दुकानात गेली. मोतिया कुडता घातला नव्हता. घरातला जुना, बाहीला भुंग्याचं नाक पुसलेला घातला होता. केस मोकळे. मी नको म्हणायच्या आत जिना उतरली होती. पुढचं मला भुंग्याने सांगितलं, तेव्हा त्यात थोडा मीठमसाला धर.

मिरी काट्यावर चढून बसली. त्या मुलाने तिला उतरवलं नाही, तिचं वजन करून चिठ्ठी चिकटवली. मग त्याने मावशीला सॉरी म्हटलं, दोनदा. मावशीने सांगितलं की तुमच्यावर राग नाही, तुम्हालाही फसवलंच. पण तुम्ही काही चांगलं बोललात की हे तुमचं का पत्रातून आलेलं, ते मला कळणार नाही, आणि दरवेळी ते शोधत बसायचा मला कंटाळा येईल. त्याने विचारलं की नव्याने सुरुवात करता येईल का. ती म्हणाली की तुम्ही मला तीन महिने ओळखता आणि मी तुम्हाला आत्ता भेटतेय, तर सुरुवात करायची कुठून. भुंगा म्हणतो की मग काका बराच वेळ वांगी मोजत होते आणि काकांना वीसपुढे येत नाही.

तिने तुझ्या हातचे ते कागद त्याच्याकडून मागून घेतले. घरी आणून फाडले नाहीत, जाळले नाहीत. मिरीला चित्रं काढायला दिले. मिरीने त्यावर टोमॅटो काढलेत.

अजून एक. बुधवारी ती आता बसथांब्यावरच्या कुलूपवाल्यांकडे जाते. आपण होऊन गेली, विचारलं, त्यांनी ठेवून घेतलं. मला कळलं तेव्हा तीन दिवस उलटून गेले होते. मी म्हटलं, अगं, सांगायचंस तरी. तिने भुंग्याला सांगितलं की आईला सांग, ती तेव्हा दूध आणायला गेली होती.

मी तुला दोष देत नाही. बुधवार माझ्याच डोक्यातून निघाला होता. पण आत्या, आपण चुकलो. तिला काय हवं ते तिने तुला स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, आणि आपण तेच वापरलं.

तुझा लोभ मलाही लागेलच, आता जास्त.

तुझी,
ताई


३ एप्रिल

(पोस्टकार्ड)

तीर्थरूप आत्यास,
कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपली दोन्ही पत्रे पावली. येथील सर्व मंडळी खुशाल आहेत. भुंगा व मिरी आनंदात आहेत. या आठवड्यात हवा बरी होती. शनिवारी मुलांना घेऊन बाजारास गेलो. यादीप्रमाणे सर्व सामान मिळाले.

यापुढे मी पोस्टकार्डच पाठवीत जाईन. पाकिटास डिंक लावण्याचे कारण उरलेले नाही. या कार्डाचे शुद्धलेखन भावोजींकडून तपासून घेतले आहे. कोणासही दाखवण्यास हरकत नाही.

प्रकृतीची काळजी घ्यावी. बाबांस नमस्कार सांगावा. लोभ आहेच, तो असू द्यावा.

कार्डावर अजून चार ओळींची जागा आहे, परंतु लिहिण्यासारखे काही नाही.

आपली,
कुसळ